मदत हवी आहे : हेपॅरिन चालत नसेल तर ओपन-हार्ट शस्त्रक्रियेत दुसरे कोणते औषध?

मृण्मयी_क
नमस्कार. वडिलांची ओपन-हार्ट शस्त्रक्रिया ठरली होती. हेपॅरिन सुरू केल्यानंतर सहाव्या दिवशी त्यांच्या प्लेटलेट 2,10,000 वरून 68,000 वर आल्या, म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली आहे. हेपॅरिनऐवजी रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध वापरून शस्त्रक्रिया करता येते का आणि त्याच्या चाचण्या झाल्या आहेत का, एवढेच मला हवे आहे. कृपया लवकर कळवावे.

पंपवाला
मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसांचे काम करणारे हार्ट-लंग मशीन (आमच्या भाषेत पंप) चालवतो. बायपास आहे की झडप? क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) किती? हेपॅरिनमुळे शरीरात तयार होणाऱ्या अँटिबॉडीची तपासणी झाली का? हेपॅरिन बंद केल्यावर दुसरे काही सुरू केले आहे का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण हेपॅरिनमुळे प्लेटलेट घटण्याच्या या विकारात (एचआयटी) प्लेटलेट कमी असूनही रक्ताच्या गुठळ्या होतात.

औषध आहे, बायव्हॅलिरुडिन. हार्ट-लंग मशीनवर त्याची हेपॅरिनशी तुलना करणारी, सुमारे 150 रुग्णांची चाचणी 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पुढे हेपॅरिन न चालणाऱ्या रुग्णांवरही ते तपासले गेले. आम्ही ते वापरले आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे.

सदानंद_भूलतज्ज्ञ
विश्वास ठीक, पण अडचणीही सांगायला हव्यात. हेपॅरिनचा परिणाम प्रोटामिनने काही मिनिटांत उतरवता येतो; बायव्हॅलिरुडिनला असा उतारा नाही. मूत्रपिंड चांगले असेल तर त्याचा परिणाम साधारण 25 मिनिटांत निम्मा होतो, पण तोवर रक्तस्राव सोसावा लागतो. शस्त्रक्रिया थांबवता येत असेल तर थांबावे. या अँटिबॉडी बहुधा तीनेक महिन्यांत नाहीशा होतात आणि तपासणीत त्या नसल्याची खात्री झाल्यावर केवळ शस्त्रक्रियेपुरते हेपॅरिन देता येते.

पंपवाला
रक्तस्रावाचे मान्य आहे, परंतु निम्मा त्रास तंत्र न पाळल्याने होतो. साचलेल्या रक्तात हे औषध मोडते, म्हणून रिझर्व्हॉयरमध्ये (मशीनच्या रक्त साठवण्याच्या टाकीत) किंवा छातीच्या पोकळीत रक्त साचू द्यायचे नाही आणि पंपावरून उतरल्यावरही मशीनच्या नळ्यांतले रक्त फिरते ठेवायचे. हे ज्यांनी केले आहे त्यांच्याकडेच जावे.

शाकाहारी_सुनील
हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात, हे रुग्णाला आधी सांगायला हवे. बायव्हॅलिरुडिन प्रयोगशाळेत बनते, हा त्याचा मोठा फायदा आहे.

सदानंद_भूलतज्ज्ञ
सुनील, मुद्दा खरा आहे, पण इथे विचारलेला नाही.

विद्या_ताई
माझ्या सासऱ्यांच्या बायपासच्या आधी क्लोपिडोग्रेल (गुठळ्या रोखणारे औषध) पाच दिवस बंद केले होते. तुमच्या वडिलांचेही बंद केले आहे ना?

मृण्मयी_क
विद्याताई, ते औषध त्यांना कधीच नव्हते. महाधमनीची झडप फार अरुंद झाली आहे आणि चालताना ते दोनदा बेशुद्ध पडले आहेत. अँटिबॉडीची तपासणी पॉझिटिव्ह आली आहे. क्रिएटिनिन 2.1 आहे. सध्या हेपॅरिनऐवजी अर्गाट्रोबान या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचे ड्रिप चालू आहे.

सदानंद_भूलतज्ज्ञ
मग माझा सल्ला बदलतो. बेशुद्ध पडणाऱ्या रुग्णाची झडप तीन महिने थांबत नाही. परंतु या क्रिएटिनिनला बायव्हॅलिरुडिनचा परिणाम लांबेल, हे पंपवाले यांनीही मान्य करावे.

पंपवाला
मान्य आहे, मूत्रपिंडाचा आकडा मी म्हणूनच विचारला होता. अर्गाट्रोबान यकृतातून जाते म्हणून ड्रिपसाठी ते योग्य, पण पंपावर त्याचा अनुभव फार थोडा आहे. मृण्मयीताई, शल्यविशारदांना दोन गोष्टी विचारा. मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप बसवता येईल का? तिथे हार्ट-लंग मशीन सहसा लागत नाही आणि बायव्हॅलिरुडिनही थोडाच वेळ द्यावे लागते. ते शक्य नसेल तर प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी कमी करून मग हेपॅरिन द्यायची तयारी आहे का? आणि फाइलवर, बेडवर, सर्वत्र 'हेपॅरिन नको' असे लिहून घ्या. सलाइनची नळी धुताना वापरतात तेवढे हेपॅरिनही चालणार नाही.

मृण्मयी_क
नळी धुण्याचे कोणीच सांगितले नव्हते. आत्ताच सिस्टरना विचारते आणि उद्या राउंडच्या वेळी दोन्ही प्रश्न मांडते. बायव्हॅलिरुडिनवर झडपेची शस्त्रक्रिया प्रत्यक्ष केलेला चमू पुण्यात कोणाच्या माहितीत असल्यास व्यनि करावा.