'अपरोक्ष' म्हणजे समोर की पाठीमागे?

आमच्या सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त मी लिहिते. गेल्या महिन्यात त्यात एक वाक्य लिहिलं: 'सचिवांच्या अपरोक्ष टाकीच्या दुरुस्तीचं काम देण्यात आलं.' सचिव गावाला गेले असताना काम परस्पर दिलं गेलं, ही त्यांची तक्रार होती. तळमजल्यावरच्या काकूंची सगळी नोकरी संस्कृत शिकवण्यात गेली. मसुदा वाचताना त्यांनी त्या वाक्यावर बोट ठेवलं. "म्हणजे सचिव तिथेच होते ना? मग तक्रार कसली?"

त्यांचं बरोबर होतं. अक्ष म्हणजे डोळा. डोळ्यांपलीकडचं ते परोक्ष. जे परोक्ष नाही ते अपरोक्ष, म्हणजे डोळ्यांसमोरचं. वेदांतात अपरोक्ष ज्ञान म्हणतात ते स्वतः अनुभवलेलं, ऐकीव नव्हे. पाणिनीचं 'परोक्षे लिट्' हे सूत्र घ्या: बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी 'बभूव', 'चकार' ही रूपं. हिंदीतही 'परोक्ष रूप से' म्हणजे आडून, थेट नव्हे. मराठीत मात्र 'माझ्या अपरोक्ष' म्हटलं की आपण 'माझ्या पाठीमागे' असं समजतो. पुढे 'अ' दिसला की हजेरीच नाकारली असं वाटत असावं, असा माझा अंदाज.

तुमच्याकडे हा शब्द कोणत्या अर्थाने वापरतात?

प्रतिसाद:
माझी आजी 'पाठीमागे' याच अर्थाने म्हणायची. मराठीत रुळलेला अर्थ तोच. 'शुश्रूषा' म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. त्यावरून आज्ञेत राहणं, मग सेवा आणि शेवटी आजाऱ्याची देखभाल. त्याला आज कुणी चूक म्हणत नाही. मग 'अपरोक्ष'लाच का धरायचं?

उत्तर:
शुश्रूषेचं उदाहरण चांगलं आहे. पण तिथे अर्थ पायरीपायरीने सरकला आणि जुना मराठीतून निघून गेला, त्यामुळे कुणाचा घोटाळा होत नाही. 'अपरोक्ष' पार उलटा झाला, तरी जुना अर्थ जिवंतच आहे. प्रवचनात एक अर्थ, सोसायटीच्या कागदात दुसरा. उद्या त्या कागदावरून वाद झाला तर? म्हणून तुमच्या आजीच्या बोलण्यात मी काहीच बदलणार नाही, पण नोंदीत हा शब्द लिहिणार नाही. 'परोक्ष' लिहूनही भागत नाही, वाचणारा तिथेही अडखळतो. 'गैरहजेरीत', 'पाठीमागे', 'नकळत' हे आपले शब्द आहेतच की.

'पाणी जपून वापरण्याचे आव्हान' अशी पाटीही आमच्याकडे लागली होती. विनंती असेल तर आवाहन, जसं पूजेत देवाला करतात. आव्हान आखाड्यात देतात.

मला याहून सलतो तो 'मतितार्थ'. खरा शब्द मथितार्थ. मथित म्हणजे घुसळलेलं. दह्यात रवी फिरत राहते, हात भरून येतात, आणि मग लोण्याचे कण वर येऊन गोळा होऊ लागतात. तसा सगळ्या बोलण्यातून वर आलेला अर्थ तो मथितार्थ. 'थि'चा 'ति' केला की ती रवीही जाते आणि ते लोणीही. हा शब्द मात्र मी ज्याच्या त्याच्याकडे दुरुस्त करते.

इतिवृत्तात आता 'सचिव गावाला गेले असताना, त्यांना न विचारता' असं लिहिलंय. काकूंनी ते वाचलं आणि पान उलटलं.