उधारी आधी, भांडण नंतर
'कर्जाची लिमिट वाढवली की अमेरिकन सरकारला उधळपट्टीचं लायसन मिळतं' असं कोणीतरी म्हटलंय, पण तसं नाहीये हो. लिमिट म्हणजे सरकारने एकूण किती कर्ज काढायचं त्याची कायद्यातली मर्यादा. खर्च काँग्रेसने (म्हणजे तिकडच्या संसदेने) आधीच मंजूर केलेला असतो, लिमिट वाढवायची ती त्याचीच बिलं भागवायला. म्हणजे वाण्याकडून महिन्याचं सामान आणायचं, निम्मं खाऊन पण झालं आणि मग नवराबायकोने वाण्याचे पैसे द्यायचे का नाही यावर भांडायचं!

आणि डेमोक्रॅट काय, रिपब्लिकन काय, दोन्ही पार्ट्या सारख्याच. डेमोक्रॅट ओबामाने २००६ ला सिनेटर (संसदेच्या वरच्या सभागृहात) असताना रिपब्लिकन बुशच्या वेळी लिमिट वाढवायच्या विरोधात मत दिलं, २०११ ला स्वतः राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत असताना ते चुकलंच म्हणून कबूल करावं लागलं. त्या वर्षी २ ऑगस्टला कशीबशी तडजोड झाली तरी तीनच दिवसांत एस अँड पी या पत ठरवणाऱ्या कंपनीने अमेरिकेचं ट्रिपल ए (सगळ्यात वरचं रेटिंग) काढून घेतलं ते घेतलंच.

बॅलन्स्ड बजेटची, म्हणजे सरकारने कमाईपेक्षा जास्त खर्चच करू नये अशी घटनादुरुस्ती तर १९९५ ला सिनेटमध्ये अगदी काठावर पडली, रिपब्लिकनांपैकी ओरेगनचा मार्क हॅटफिल्ड एकटा खरा आडवा गेला (सिनेटमधला त्यांचा नेता बॉब डोलने पण शेवटी 'नाही' म्हटलं, पण ते विषय पुन्हा मतदानाला आणता यावा म्हणून, नियमातली खुबी). गंमत म्हणजे ती दुरुस्ती न होताच १९९८ ते २००१ बजेट शिलकीत होतं.