एमपीआय: ओळीत ५०० आकडे असले तर चालतं, ६०० झाले की प्रोग्रॅम लटकतो

उष्माजाळी

सी भाषेत द्विमितीय उष्णतावहनाचा प्रोग्रॅम आहे. ओपन एमपीआय (एमपीआय म्हणजे अनेक प्रोसेसनी एकमेकींना संदेश पाठवून एकत्र काम करायचं मानक, ओपन एमपीआय ही त्याची एक लायब्ररी), एकच लॅपटॉप, ४ प्रोसेस. जाळी आडव्या पट्ट्यांत वाटली आहे. प्रत्येक प्रोसेसकडे स्वतःच्या १ ते एन ओळी आणि शेजाऱ्यांच्या ओळींची प्रत ठेवायला ० आणि एन+१ या दोन जादा ओळी. दर फेरीतला क्रम असा:

१. वरच्या शेजाऱ्याला ओळ १ एमपीआय_सेंड
२. खालच्या शेजाऱ्याला ओळ एन एमपीआय_सेंड
३. वरून एमपीआय_रिसीव्ह
४. खालून एमपीआय_रिसीव्ह

टोकाच्या प्रोसेसना ‘इफ’ लावून वगळलं आहे. ओळीत ५०० डबल (८ बाइटचे दशांश आकडे) असतील तर उत्तर एका प्रोसेसवर चालवलेल्या आवृत्तीशी तंतोतंत जुळतं. ६०० केले की पहिल्याच फेरीत सगळं थांबतं. एरर येत नाही, क्रॅश होत नाही, आणि ‘टॉप’मध्ये चारही प्रोसेस १०० टक्के सीपीयू खाताना दिसतात. व्हॅलग्रिंडमध्ये (मेमरीतल्या चुका शोधणारं साधन) ॲरेबाहेर लिहिल्याचं काही सापडत नाही. ६०० ला नेमकं काय बदलतं? आणि आतला बफर वाढवून हे सुटेल का?

शून्यरँक

आधी त्या १०० टक्क्यांबद्दल. ओपन एमपीआय आणि एमपीआयसीएच (एमपीआयची दुसरी एक लायब्ररी) दोन्हींत वाट पाहणारी प्रोसेस सहसा झोपत नाही, संदेश आला का हे सतत तपासत राहते. त्यामुळे सीपीयूवरून ‘गणित चालू आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. जीडीबी हा डीबगर प्रत्येक प्रोसेसला जोडा आणि बॅकट्रेस, म्हणजे ती आत्ता कोणत्या फंक्शनच्या आत आहे ते, बघा. चौघीही एमपीआय_सेंडच्या आत सापडतील.

आता ६००. एमपीआय_सेंड परत आला याचा अर्थ एवढाच की तुमचा बफर पुन्हा वापरायला मोकळा आहे. समोरच्याला संदेश मिळाला, असा नाही. लहान संदेश असेल तर लायब्ररी तो लगेच ढकलून देते, घेणाऱ्याच्या बाजूला तो तात्पुरता साठतो आणि सेंड परततो. याला ईगर पद्धत म्हणतात. मर्यादेपेक्षा मोठा असेल तर आधी फक्त ‘पाठवू का?’ एवढी सूचना जाते आणि समोरून जुळणारा रिसीव्ह लागेपर्यंत सेंड अडून राहतो. ही राँदेव्हू पद्धत. एकाच मशीनवर शेअर्ड मेमरीतून बोलताना ओपन एमपीआयची ही मर्यादा साधारणपणे ४०९६ बाइट असते. ५०० डबल म्हणजे ४००० बाइट, आत बसले. ६०० म्हणजे ४८००, बाहेर गेले.

मग रँक ० (रँक म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) अडते रँक १ ला पाठवताना, आणि रँक १ त्याच वेळी अडते रँक ० ला पाठवताना. रिसीव्हपर्यंत दोघी पोचतच नाहीत. रँक २ ही १ वर अडते, ३ ही २ वर. सरळ डेडलॉक, म्हणजे सगळ्या एकमेकींची वाट पाहत कायमच्या अडकल्या.

मर्यादा एमसीए पॅरामीटरने (ओपन एमपीआयची सेटिंग) वाढवता येते, पण कृपया तो रस्ता धरू नका. दोन मशीनमध्ये टीसीपीवरून बोलताना डीफॉल्ट ६५५३६ बाइट आहे, इन्फिनीबँडवर (क्लस्टरमधलं वेगवान नेटवर्क) वेगळी, दुसऱ्या लायब्ररीत आणखी वेगळी. मानकानुसार एमपीआय_सेंडला थांबायची पूर्ण मुभा आहे, ०.५ केबीच्या संदेशालासुद्धा. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम ५०० लाही चुकीचाच होता, फक्त बफरने ते झाकलं.

तपासायची रीत: सगळे एमपीआय_सेंड बदलून एमपीआय_एससेंड करा. आर्ग्युमेंट तीच आहेत, एका मॅक्रोत काम होतं. एससेंड समोरचा रिसीव्ह सुरू होईपर्यंत परततच नाही, त्यामुळे लपलेला डेडलॉक १० आकड्यांच्या ओळीलाही दिसतो. कोणताही एमपीआय प्रोग्रॅम क्लस्टरवर नेण्याआधी एकदा असा चालवावाच.

सह्यकडा

शून्यरँक यांच्या मुद्द्याला जोड. सी-डॅकच्या १९९१ च्या परम ८००० या महासंगणकात ट्रान्सप्युटर होते, म्हणजे एकमेकांशी थेट चॅनेलने बोलणारे प्रोसेसर. ट्रान्सप्युटरच्या चॅनेलमध्ये बफर नसतो, देणारा आणि घेणारा दोघं तयार झाल्याशिवाय काही हलत नाही. तिथे ही चूक पहिल्याच रनला समोर यायची. ईगर पद्धतीने वेग मिळतो, पण ही शिस्त सुटते.

दुरुस्ती: चार ओळींच्या जागी दोन एमपीआय_सेंडरिसीव्ह (एकाच कॉलमध्ये पाठवणारं आणि घेणारं फंक्शन).

पहिला: वर ओळ १ पाठवा, खालून ओळ एन+१ मध्ये घ्या.
दुसरा: खाली ओळ एन पाठवा, वरून ओळ ० मध्ये घ्या.

दिशा नीट बघा. बरेच जण ‘वरच्याशी देवाणघेवाण, मग खालच्याशी देवाणघेवाण’ असं लिहितात. तुमच्या टोकं असलेल्या जाळीत ते अडकत नाही, पण रँक १ ला ० ची वाट, २ ला १ ची, अशी साखळी होते आणि ६४ प्रोसेसवर शेवटचीला सगळ्यांचं उरकेपर्यंत थांबावं लागतं. जाळी गोल जोडलेली असेल, म्हणजे शेवटच्या रँकच्या खाली पुन्हा रँक ०, तर तीच मांडणी कायमची अडकते, संदेश कितीही लहान असला तरी. प्रत्येक जण वरच्याची वाट पाहतो आणि वरचा त्याच्याही वरच्याची.

‘इफ’ काढून टाका. टोकाला शेजाऱ्याच्या जागी एमपीआय_प्रॉक_नल द्या. त्याला पाठवलेलं लगेच संपतं, त्याच्याकडून घेतलेलंही लगेच संपतं आणि घ्यायच्या बफरला हात लागत नाही, त्यामुळे ओळ ० मधली सीमेची तापमानं तशीच राहतात. शेजारी स्वतः मोजण्यापेक्षा एमपीआय_कार्ट_क्रिएट आणि एमपीआय_कार्ट_शिफ्ट वापरा. गोल नसलेल्या दिशेला ते टोकाशी प्रॉक_नल आपणच देतात.

वर जाणाऱ्या आणि खाली जाणाऱ्या संदेशांना वेगवेगळे टॅग (संदेशाला लावायचा ओळख-क्रमांक) द्या. गोल जाळीत फक्त २ प्रोसेस असल्या की वरचा आणि खालचा शेजारी एकच असतो. टॅग सारखे असले तर कोणता संदेश कुठल्या रिसीव्हला जुळेल हे निव्वळ पाठवण्याच्या क्रमावर ठरतं, आणि ओळ ० व ओळ एन+१ यांची अदलाबदल होऊ शकते. एरर येत नाही, उत्तर चुकतं.

बिनअडथळा

सेंडरिसीव्हने काम होईल, पण या प्रश्नाला बिनअडथळा मांडणी, म्हणजे पाठवणं-घेणं सुरू करून लगेच परतणारी फंक्शनं, जास्त शोभते:

१. दोन एमपीआय_आयरिसीव्ह (आधी हेच)
२. दोन एमपीआय_आयसेंड
३. ओळ २ ते एन−१ चं गणित, त्यांना शेजाऱ्यांची गरज नाही
४. चारही रिक्वेस्टवर (सुरू केलेल्या प्रत्येक कामाची खूण) एमपीआय_वेटऑल, म्हणजे सगळी पुरी होईपर्यंत थांबणं
५. ओळ १ आणि ओळ एन चं गणित

रिसीव्ह आधी लावल्याने आलेला डेटा थेट तुमच्या ॲरेत उतरतो, तात्पुरत्या साठ्यातून कॉपी करावा लागत नाही.

इथे हमखास होणारे घोळ: वेटऑलच्या आधी जुना आणि नवा ॲरे यांचे पॉइंटर बदलणं. ज्या ओळी जात आहेत त्यांवर वेटऑलआधी लिहिणं. हा घोळ छोट्या संदेशाला दिसत नाही, कारण ईगरमध्ये प्रत आधीच निघालेली असते, मोठ्याला मात्र अर्धी जुनी अर्धी नवी ओळ पोचते. आणि दोन आयसेंडना एकच रिक्वेस्ट व्हेरिएबल देणं, म्हणजे पहिल्याचा हातातला धागाच सुटतो.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका: पायरी ३ चालू असताना संदेश मागे आपोआप सरकतीलच असं नाही. बऱ्याच मांडण्यांत मोठा संदेश तुम्ही एमपीआयचं एखादं फंक्शन बोलावता तेव्हाच पुढे जातो. पायरी ३ लांबलचक असेल तर दर काही ओळींनंतर एमपीआय_टेस्टऑल बोलवा आणि वेळ मोजून बघा. फायदा दिसला नाही तर सह्यकडा यांचे दोन सेंडरिसीव्ह वाचायला सोपे आहेत, तेच ठेवा.

उष्माजाळी

एससेंड लावल्यावर ओळीत १० आकडे असतानाही लटकला. दोन सेंडरिसीव्ह आणि प्रॉक_नल घातल्यावर ४००० आकड्यांपर्यंत उत्तर जुळतंय. आता जाळी उभ्या दिशेनेही कापायची आहे. स्तंभ मेमरीत सलग नसतो. प्रत्येक आकडा वेगळा पाठवायचा का? शिवाय याच कामाची पायथन आवृत्ती हवी आहे, एमपीआय४पाय या पायथन लायब्ररीमध्ये.

सह्यकडा

वेगळा अजिबात नको, प्रत्येक संदेशाचा ठरावीक खर्च एका आकड्यावर वाया जातो. एमपीआय_टाइप_व्हेक्टर (समान अंतरावरचे आकडे एकत्र पाठवायचा डेटा-प्रकार) वापरा: काउंट म्हणजे स्तंभातल्या ओळींची संख्या, ब्लॉकची लांबी १, स्ट्राइड म्हणजे जादा स्तंभ धरून स्थानिक ओळीची पूर्ण रुंदी. स्वतःचे ६०० स्तंभ असतील तर स्ट्राइड ६०२. मग एमपीआय_टाइप_कमिट, आणि पाठवताना काउंट १. कमिट विसरलात तर पहिल्याच सेंडला एरर येईल, ती बरी. स्ट्राइड ६०० ठेवलात तर एरर येणार नाही आणि तिरकी रेघ पाठवली जाईल.

अट एकच: पूर्ण ॲरे एका मॅलॉकमध्ये (मेमरी मागायचं फंक्शन) घेतलेला हवा. प्रत्येक ओळीला वेगळा मॅलॉक केला असेल तर ओळींमधलं अंतर सारखं राहत नाही आणि व्हेक्टर टाइप भलतीच मेमरी वाचतो.

शून्यरँक

पायथनचं. एमपीआय४पायमध्ये प्रत्येक फंक्शनच्या दोन जाती आहेत. लहान अक्षराने सुरू होणारं सेंड वस्तू पिकल करून (बाइटच्या माळेत बदलून) पाठवतं, डिक्शनरी वगैरेंसाठी ठीक. मोठ्या अक्षराने सुरू होणारं सेंड नमपाय ॲरेची मेमरी थेट देतं. हॅलोसाठी (शेजाऱ्यांची प्रत ठेवायच्या जादा ओळी-स्तंभ) मोठ्या अक्षराचंच घ्या. दोन जाती मिसळू नका: एका बाजूला लहान, दुसऱ्या बाजूला मोठं असेल तर पिकलचे बाइट तुमच्या ॲरेत तापमान म्हणून उतरतील किंवा आकाराची एरर येईल.

लहान अक्षराच्या आयरिसीव्हचा बफर डीफॉल्टने ३२ केबीचा असतो. ५००० डबल म्हणजे ४०००० बाइट, तिथे संदेश कापला गेल्याची एरर येते. बफर स्वतः द्या, नाहीतर मोठ्या अक्षराचं आयरिसीव्ह थेट ॲरेवर लावा.

नमपायचा उभा काप सलग नसतो, मोठ्या अक्षराचं सेंड तो नाकारतं. पाठवताना सलग प्रत काढा, घेताना एका सलग तात्पुरत्या ॲरेत घेऊन मग जादा स्तंभात उतरवा. दोन्ही बाजूंचा डीटाइपही (आकड्यांचा प्रकार) तपासा. फ्लोट६४ पाठवून तेवढ्याच लांबीच्या फ्लोट३२ मध्ये घेतलं तर संदेश मोठा पडून एरर येते. उलट केलं तर सहसा काहीच तक्रार येत नाही, ॲरे अर्धाच भरतो आणि त्यातले आकडेही निरर्थक असतात.