'बोनापार्ट्स रिट्रीट' ही फिडलची धून नेमकी कुठून आली?

झाडीवाला_व्हायोलिन
राम राम मंडळी. साकोलीकडचा हावो, मंडईच्या, म्हणजे आमच्या गावजत्रेच्या, नाटकाले व्हायोलिनची साथ करतो. यूट्यूबवर अमेरिकन फिडल (तिकडचं लोकसंगीतातलं व्हायोलिन) पाहता पाहता ही धून भेटली अन् आता डोक्यातून जातच नाही. पण कोणी एकदम हळू वाजवते, कोणी सुसाट पळवते. नेपोलियन माघार घेऊन राह्यला ना, मंग एवढी घाई काहून? अन् तो खालचा घुमारा माझ्याच्यानं निघून नाही राह्यला.

रेकॉर्डवाला_अकोला
जुनी चाल हळूच हाये भाऊ, मार्चसारखी. पळवली ती अमेरिकेतल्या केंटकीच्या फिडलवाल्या बिल स्टेपनं. १९३७ मधे लोकगीतं गोळा करणारा अ‍ॅलन लोमॅक्स लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी रेकॉर्डिंगची मशीन घेऊन गावोगाव फिरत होता, तिथल्या सॅलियर्सव्हिल गावाले त्यानं स्टेपचं वाजवणं डिस्कवर घेतलं. मंग रूथ क्रॉफर्ड सीगर या बाईनं ते आयकून आयकून नोटेशन लिहिलं, १९४१ मधे पुस्तकात छापून आलं, अन् पुढच्याच वर्षी संगीतकार एरन कॉपलंडनं 'रोडिओ' बॅलेच्या 'हो-डाउन'मधे जवळपास जसंच्या तसं घेतलं. जगानं आयकला तो स्टेपचा हात, नाव झालं कॉपलंडचं. मले तं हे पटत नाही बा. नंतर अमेरिकेत बीफच्या जाहिरातीतही तेच वाजलं, घ्या!

झाडीवाला_व्हायोलिन
अन् तारा कशा लावाच्या?

रेकॉर्डवाला_अकोला
खालची 'जी' तार उतरवून डी, वरची 'ई' पण उतरवून डी. खालून डी-डी-ए-डी.

गजवाला_वणी
म्हणजे सा-सा-प-सा. तुमी प-सा-प-सा लावत असान तं पेटीची काळी चारबिरी पट्टी इसरा, सा डी वर घ्या अन् फक्त खालचा प सैल करून खर्जाच्या सा वर आणा, बस. गज दोन तारांवर संगच ठेवा, एकीवर धून अन् बाजूची मोकळी वाजत राहू द्या, घुमारा तिथूनच निघते. आमच्याकडं परधान लोकं किंगरी वाजवतात, तीन तारांची, गजावरचीच, गोंडांच्या देवांच्या कथा त्याच्यावर लावतात. तेही आयका कधी, यूट्यूबवर कमी हाये पण हाये.

झाडीवाला_व्हायोलिन
घुमते राज्या! पण तार इतकी ढिली झाली का जोरात गज मारला तं फडफडते.

गजवाला_वणी
जोर कमी करा, गज थोडा घोडीकडं (तारांखालच्या उभ्या लाकडी तुकड्याकडं) सरकवा. अन् नाटकाच्या रात्री हे करू नोका, परत चढवलेली तार दोन गाण्यांतच उतरते. एखादं जुनं व्हायोलिन याच्यासाठीच ठेवा.