आमवात (ऱ्हुमॅटॉइड) आणि ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) एकत्र : अडॅलिम्युमॅब हे इंजेक्शन सुरू करावं का?

रुग्ण स्त्री, वय 38, वजन 52 किलो. अँटी-सीसीपी (आमवाताची रक्ततपासणी) बरंच वाढलेलं, मनगटाच्या एक्स-रेत इरोजन (हाडाची झीज), म्हणून ऱ्हुमॅटॉइडचे उपचार चालू. आता ल्युपसकडे बोट दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, एएनए आणि डीएस-डीएनए (अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, सी3-सी4 (कॉम्प्लिमेंट प्रथिनं) कमी, लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर (किडनीतून प्रोटीन किती गळतं ते) 0.8. औषधं: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा 15 मिग्रॅ, फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन 200 मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, दुखलं की डायक्लोफेनॅक. सांध्यांची सूज हटत नाही म्हणून अडॅलिम्युमॅब सुचवलंय. ल्युपसमध्ये ते चालतं का? शिवाय तोंड आलंय, ते कशाने?

प्रतिसाद 1
सांधे थांबू शकतात, किडनी नाही. सकाळच्या पहिल्या लघवीवर गुणोत्तर पुन्हा काढा, सोबत क्रिएटिनिन आणि लघवीची मायक्रोस्कोपी. 0.5 च्या वर टिकलं तर किडनीच्या बायोप्सीचा विषय डॉक्टरांकडे काढाच. किडनीसाठी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आजपासून बंद.

अडॅलिम्युमॅब टीएनएफ (सूज वाढवणारं प्रथिन) रोखतं. या गटातल्या औषधांनी डीएस-डीएनए वाढू शकतं, कधी औषधजन्य ल्युपसही होतो. किडनीचा निकाल लागेपर्यंत मी तरी थांबा म्हणेन. दोन्ही आजारांचा विचार करून रिटुक्सिमॅब (बी पेशी कमी करणारं औषध) वापरतात. त्याआधी हिपॅटायटिस बी तपासणं सक्तीचं. बायोप्सीत नेफ्रायटिस (ल्युपसमुळे किडनीला सूज) निघाला तर मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची चर्चा होईल, पण सांध्यांवर त्याचा भरवसा कमी, आणि ते व मेथोट्रेक्सेट दोन्ही गरोदरपणात चालत नाहीत.

प्रतिसाद 2
तोंड येण्याकडे दुर्लक्ष नको. ल्युपसचे व्रण बहुधा टाळूवर, पुष्कळदा न दुखणारे. मेथोट्रेक्सेटचे झोंबतात, घास घेववत नाही. पण दिसण्यावरून ठरवू नका, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन लगेच करा. किडनी मंदावली की मेथोट्रेक्सेट शरीरात साचतं आणि पांढऱ्या पेशी, प्लेटलेट पडतात. पेशी पडल्या असतील तर पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक कुणी दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आवर्जून सांगा. ही जोडी घातक ठरते.

दुसरं, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रोज 400 म्हणजे किलोमागे 7.7 मिग्रॅ. मर्यादा साधारण 5 ची, म्हणजे तुमच्या हिशेबात 260. आठवड्यातले पाच दिवस एक आणि दोन दिवस दोन गोळ्या घेतल्या की सरासरी 257 येते. डॉक्टरांना विचारून तसं बदला. मात्र गोळी बंद करू नका, ल्युपस उसळतो. या गोळीने डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून डोळ्यांची ओसीटी (पडद्याचं स्कॅन) आणि फील्ड (दृष्टिक्षेत्र) तपासणी पहिल्या वर्षात एकदा, पाच वर्षांनंतर दरवर्षी. किडनी बिघडलेली असेल तर पाच वर्षं थांबायचं नाही.

धागाकर्ता
सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) नॉर्मल आहे. मग सूज खरी नाही का?

प्रतिसाद 1
खरी असू शकते. ल्युपस जोरात असतानाही सीआरपी पुष्कळदा फारसं वाढत नाही, ईएसआर (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) मात्र चढतो. सांधे हाताने दाबून किंवा सोनोग्राफीने तपासायला सांगा. उलट ताप आणि सीआरपी एकदम वर गेलं तर आधी जंतुसंसर्ग शोधायचा, स्टेरॉइड वाढवायची घाई नको.