मदत हवी आहे: भाड्याचं घर सोडतानाच्या सफाईचा दर कसा ठरवता? (रेडिंग, इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

रेडिंगला आमचा साफसफाईचा छोटा धंदा आहे. मी, पगारावर एक मुलगी, आणि काम मोठं असलं की तासावर बोलावलेली तिसरी. आठवड्याची नेहमीची घरं सुरळीत चालू आहेत. दर ठरलेला, गिऱ्हाईक ठरलेलं. घोडं अडतंय ते 'एंड ऑफ टेनन्सी'पाशी, म्हणजे भाडेकरू चावी परत देण्याआधी रिकामं घर साफ करून घेतो, त्या कामापाशी.

इथली पद्धत माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. भाडेकरू राहायला येतो तेव्हा एजंट घराची इन्व्हेंटरी करतो, अगदी ओव्हनच्या जाळीपर्यंत सगळ्याचे फोटो. निघताना चेक-आउट रिपोर्ट. दोन्ही शेजारी ठेवून डिपॉझिटमधून किती कापायचं ते ठरतं. टेनन्ट फीज ॲक्ट आला तेव्हापासून, म्हणजे जून २०१९ पासून, 'आमच्याच माणसाकडून साफ करून घ्या' अशी सक्ती एजंटला करता येत नाही. घर घेताना जितकं स्वच्छ होतं तितकं परत द्या, एवढंच तो मागू शकतो. डिपॉझिट बहुतेक पाच आठवड्यांच्या भाड्याएवढं असतं. दोन बेडरूमच्या फ्लॅटचे दीड हजार पौंडांच्या वर पैसे अडकलेले असतात आणि त्या धास्तीनेच माणूस आम्हाला फोन करतो. फोन तरी कुठला, व्हॉट्सॲपवर एक ओळ येते: 'टू बेड फ्लॅट, हाऊ मच?' दहा मिनिटांत आकडा गेला नाही तर तो दुसरीकडे गेलेला असतो.

माझे सध्याचे दर: स्टुडिओ ११० पौंड, एक बेडरूम १४०, दोन बेडरूम १९०, तीन २५०. कार्पेट धुणं वेगळं. आजूबाजूचे साधारण हेच घेतात.

आता गंमत बघा. गेल्या महिन्यात एकाच बिल्डिंगमध्ये दोन बेडरूमचे दोन फ्लॅट केले. पहिल्यात एक जोडपं जेमतेम सहा महिने राहिलेलं, जेवण बहुधा बाहेरूनच यायचं. ओव्हनच्या पॅनलवरची प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा निघाली नव्हती. दोघींनी चार तासांत संपवलं. दुसऱ्यात चार वर्षं राहिलेलं कुटुंब, आपल्याकडचंच. रोजची फोडणी. एक्झॉस्टची जाळी बाहेर काढली तर तिची भोकं बुजलेली. किचनच्या कपाटांच्या माथ्यावर बोट फिरवलं की तेल आणि धुळीची तपकिरी गोळी वळली जात होती. वर्कटॉपवर हळद, शॉवरच्या काचेवर क्षारांचा थर (आमच्याकडचं पाणी जड आहे, किटलीसुद्धा महिन्याभरात पांढरी होते). अंधार पडल्यावर बाहेर पडलो. दोन्हीचे पैसे १९०.

माझ्या अडचणी अशा. घर न बघता दर सांगायचा तर कशाच्या आधारावर? प्रत्येक ठिकाणी बघायला जायचं म्हटलं तर पेट्रोल आणि अर्धा दिवस जातो, आणि त्यातली निम्मी कामं मिळतही नाहीत.

दुसरं म्हणजे परत बोलावणं. आठवडाभराने एजंटचा मेल येतो, खिडकीच्या खाचेत धूळ आहे, ओव्हनच्या काचेत डाग आहे. मधल्या काळात तिथे रंगारी येऊन पॉलिश पेपर मारून गेलेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही गॅरंटी दिली होती. जायचं का फुकट?

तिसरं जरा नाजूक आहे. मंडळाच्या ग्रुपवरून आलेली माणसं. 'ताई, आपल्यासाठी किती?' गणपतीत एका पंगतीला बसतो, तोंडावर नाही म्हणवत नाही. तुम्ही काय करता?

– धूळवाफ

टेम्सकाठी

धूळवाफताई, मी स्लाउला हेच काम बरीच वर्षं करतोय. आधी तुमचा १९० चा हिशेब मांडू, मग बाकीचं.

दुसऱ्या फ्लॅटला दोघी सहा तास धरा, म्हणजे बारा तास. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षाचं किमान वेतन २१ वर्षं किंवा त्यावरच्या माणसाला तासाला १२.२१ पौंड होतं, तेच धरू. झाले १४६.५२. त्यावर रजेचे पैसे साधारण १२.०७ टक्के, म्हणजे आणखी साडेसतराच्या आसपास. १६४ इथेच गेले. सफाईची औषधं, कापडं, पार्किंग, पेट्रोल मिळून वीसेक. विमा आणि मशीनची झीज अजून बाकीच आहे. तुमच्या हातात पडतं काय, तर किमान वेतन. तुम्ही स्वतःचे तास हिशेबात धरत नसाल म्हणून पैसे उरल्यासारखे वाटतात. उद्या तुमची पाठ धरली आणि तुमच्या जागी कुणाला पाठवावं लागलं की खरा आकडा दिसेल.

मी माणशी तासाला २२ ते २४ पौंड धरून दर काढतो. गिऱ्हाइकाला मात्र तास कधीच सांगत नाही, एकच ठोक रक्कम सांगतो. तास सांगितले की ते घड्याळ लावून बसतात.

न बघता दर कसा द्यायचा, तर व्हिडिओ मागवा. पण 'घराचा व्हिडिओ पाठवा' म्हटलं की लोक दारातून बेडरूम दाखवतात, आणि रिकाम्या बेडरूममध्ये बघण्यासारखं काय असतं? मी नेमकं सांगतो: ओव्हन दार उघडून, आतला दिवा लावून. एक्झॉस्टची जाळी खालून. फ्रीझरचा खालचा खण. खिडकीची खाच जवळून. आणि शॉवरची काच कोरडी असताना. ओल्या काचेवर क्षार दिसतच नाहीत, काच नव्यासारखी वाटते. वाळली की पांढरी फटक. एवढ्या पाच गोष्टी बघितल्या की पंधरा-वीस पौंडांच्या फरकाने आकडा बरोबर येतो.

व्हिडिओ पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याला वरचा दर सांगा. तो का टाळतोय ते तुम्हाला कळलंच असेल.

आणि पोचल्यावर आधी दहा मिनिटं घर फिरून बघा. फोटोपेक्षा वेगळं काही दिसलं तर बादली भरायच्या आधी बोला. काम झाल्यावर वाढीव पैसे मागितले तर भांडण होतं, आधी मागितले तर नुसती घासाघीस.

सिंहगडरोड

मी पुण्यात डीप क्लीनिंग करतो. हिंजवडी, वाकड, बाणेर. आमच्याकडे भाडेकरू सफाई करून देत नाही, मालक डिपॉझिटमधून रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापतो आणि मग सफाईसाठी आम्हाला बोलावतो. तरी तुमचं दुखणं ओळखीचं आहे. इथेही पहिला प्रश्न 'टू बीएचकेचे किती?'

माझा अनुभव असा की बेडरूम मोजून उपयोग नाही. रिकामी बेडरूम झाडून, पुसून, पंखा आणि कपाट आतून साफ करून पाऊण तासात होते. वेळ खातं ते किचन आणि बाथरूम. बोअरचं पाणी असलेल्या सोसायटीत एका बाथरूमच्या टाइल्सना दोन बेडरूमएवढा वेळ जातो. म्हणून माझं कोटेशन किचन इतके, प्रत्येक बाथरूम इतके, बाकी खोल्या इतके असं असतं. दोन बेडरूमला एक बाथरूम आणि दोन बेडरूमला दोन बाथरूम ह्यांचा दर सारखा कसा असेल? शिवाय कुणी भाव पाडायला लागलं की मी म्हणतो, बरं, एक बाथरूम तुम्ही स्वतः घासा, तेवढे कमी करतो. आजवर कुणी घासलेलं नाही.

घरात सामान असेल तर वेगळा दर. सोफा सरकवायचा की नाही हे आधीच लिहून घ्या.

हिशेबाचीवही

परत बोलावण्याबद्दल. '४८ तासांनंतर तक्रार चालणार नाही' असं वेबसाइटवर लिहिलं तरी कायद्याने दिलेला हक्क पुसला जात नाही. कंझ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे काम नीट झालेलं नसेल तर ते परत करून मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. पण काम नीट झालं होतं हे दाखवता आलं तर प्रश्नच मिटतो. निघताना प्रत्येक खोलीचे तारीख-वेळेसह फोटो काढा, ओव्हनचे, खाचांचे, टॉयलेट सीटच्या खालच्या बाजूचे, आणि गिऱ्हाइकाला त्याच संध्याकाळी पाठवून द्या. डिपॉझिटचा वाद ते सांभाळणाऱ्या सरकारमान्य स्कीमकडे गेला तर तिथला निवाडा करणारा माणूस कागद आणि फोटोच बघतो, कपात का हवी ते मालकाला दाखवून द्यावं लागतं. तुमचे फोटो भाडेकरूच्या कामी येतात, त्यामुळे पुढच्या वेळी तो चार जणांना तुमचं नाव सांगतो. माझ्या मते ह्या फोटोंसाठीच लोक जास्त पैसे देतील, आणि तुम्ही ते मागावेत.

गॅरंटी देताना कशाची नाही हेही लिहा. शॉवरच्या सिलिकॉनमध्ये आतपर्यंत गेलेली काळी बुरशी निघत नाही, सिलिकॉन बदलावं लागतं. ओव्हनच्या दोन काचांच्या मधला डाग दार खोलल्याशिवाय निघत नाही, दार खोलायचे पैसे वेगळे. मॅट रंगाची भिंत घासली तर तिथे चकचकीत चट्टा पडतो, म्हणून भिंती धुणं नाहीच.

अजून दोन गोष्टी. पब्लिक लायबिलिटी विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ज्या वस्तूवर काम करताय तिचंच नुकसान बऱ्याच साध्या पॉलिसीत धरत नाहीत. संगमरवरावर क्षार काढायचं ॲसिड सांडून डाग पडला तर? पॉलिसी काढून वाचा, 'ट्रीटमेंट रिस्क', म्हणजे नेमकं हेच नुकसान, त्यात धरलं आहे का बघा. पगारावर माणूस आहे म्हणजे एम्प्लॉयर्स लायबिलिटी (कामावरच्या माणसाला इजा झाली तर भरपाई देणारी पॉलिसी) सक्तीचीच, किमान ५० लाख पौंडांची. आणि ती तासावरची तिसरी स्टुडंट व्हिसावर असेल तर तिला इन्व्हॉइस द्यायला सांगू नका, त्या व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही. पेरोलवर घ्या, आणि ती पदवीचं किंवा त्यावरचं शिकत असेल तर कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत.

टेम्सकाठी

वहीवाल्यांना अनुमोदन. एक भर: एका घरून दुसऱ्या घरी जायचा वेळही पगारी धरायचा असतो. दिवसात दोन कामं लावाल तेव्हा तो धरून दर काढा.

पापडकुरडई

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. आम्ही हॅरोचं घर सोडताना तीन जणांना विचारलं. सगळ्यात स्वस्त माणसाने एक आकडा पाठवला, बस्स. ज्या बाईंना काम दिलं त्यांनी ऐंशी पौंड जास्त सांगितले होते, पण कशाकशाचे ते लिहिलं होतं आणि फ्रीज आदल्या दिवशी बंद करून दार उघडं ठेवा, असंही कळवलं होतं. वाचूनच वाटलं की हिला काम येतं.

मंडळातल्या लोकांचं म्हणाल तर, मीही त्यातलीच. सवलत मागायची सवय असते हो आम्हाला! नाही म्हणालात तर राग धरत नाही, पुढच्या आठवड्यात विसरतो. फार तर दहा टक्के कमी करा, पण दर लेखीच द्या. 'द्या काहीतरी' म्हणालात की दोन्हीकडे अवघडतं.

धूळवाफ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून नवीन दरपत्रक केलं, तपासून द्याल का?

रिकाम्या फ्लॅटला किचन आणि ओव्हन ९५, प्रत्येक बाथरूम ४५, प्रत्येक खोली २५, हॉल-पॅसेज २०. म्हणजे दोन बेडरूम, बैठकीची खोली, एक बाथरूम: २३५. दोन बाथरूम असतील तर २८०. ओव्हन, एक्झॉस्ट किंवा काच व्हिडिओत वाईट दिसली तर प्रत्येकी २५ ते ४० वर. कार्पेट वेगळंच. मंडळासाठी दहा टक्के सूट, तीही फक्त आठवड्याच्या मधल्या वारी, कारण शनिवार आणि महिनाअखेर तशीही भरलेली असते. सूट कमी वाटली तर सिंहगडरोडांचं ऐकून बाथरूम घासायला लावीन.

एक राहिलंच. परवा पोचलो तर भाडेकरूने मीटरचं खातं बंद केलेलं. प्रीपेड मीटर, शिल्लक शून्य. ना दिवा, ना गरम पाणी, व्हॅक्यूमही बंद. मी जवळच्या दुकानातून दहा पौंडांचं टॉप-अप करून काम केलं. ह्याचं तुम्ही काय करता?

टेम्सकाठी

दरपत्रक चांगलं आहे, फक्त ओव्हन किचनमधून वेगळा काढा. काहींचा ओव्हन खरंच स्वच्छ असतो, त्यांना २३५ जड वाटतील आणि ते निघून जातील. किचन ६०, ओव्हन ३५ असं लिहा. बेरीज तीच राहते.

विजेचं बुकिंगच्या मेसेजमध्येच टाका: वीज आणि गरम पाणी सफाई संपेपर्यंत चालू हवं, नसेल तर फेरीचे ४० पौंड पडतील. सोबत २० टक्के ॲडव्हान्स घ्या, म्हणजे ते ४० वसूल करायला मागे लागावं लागत नाही. टॉप-अप मीही करतो, पण पावतीचा फोटो लगेच पाठवून बिलात धरतो. आणि पार्किंगचं विचारलंत का? व्हिजिटर परमिट त्यांनीच काढून ठेवायचा, नाहीतर ते पैसेही त्यांच्याच बिलात.