मदत हवी आहे : चिपळुणातील जुन्या इमारतीला भाडेकरू मिळत नाहीत

वाशिष्ठीकाठ : वडिलांनी बांधलेल्या आमच्या तीन मजली इमारतीतील चार सदनिका दिवाळीपासून रिकाम्या आहेत. लिफ्ट नाही, झाकलेले पार्किंग नाही. भाडे दोनदा उतरवले, तरी माणसे येतात, घर पाहतात, ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतात आणि पुन्हा फोन करत नाहीत. मे महिन्यात बदलीची माणसे घरे शोधू लागतील. त्याआधी काय करावे, ते कृपया लवकर सांगावे.

खेडवाला : सदनिका कोणत्या मजल्यांवर आहेत? २२ जुलै २०२१ च्या पुराचे पाणी आपल्याकडे कुठवर आले होते? चिपळुणात घर पाहणारा माणूस हाच प्रश्न मनात घेऊन येतो आणि आपण तेच लिहिलेले नाही.

जांभा : लोटे आणि खेर्डीच्या कारखान्यांतील तरुणांना द्या. माझ्या दोन सदनिका तशाच भरल्या. पाळी संपवून आलेला मुलगा लिफ्ट विचारत नाही.

माहेरवाशीण : आमच्या इमारतीत तसे केल्यावर शेजारचे कुटुंब सोडून गेले. कुटुंबालाच द्यावे, मात्र आधी ओल काढावी. श्रावणात कपाटामागे हात लावला की पोपडा हातात येतो, अशा घरात तान्हे मूल घेऊन कोण राहील?

जांभा : कुटुंबाची वाट पाहत घर बंद ठेवले, तर ओल आणखी धरते.

करारपत्र : भाडेकरू कोणीही असो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते.

वाशिष्ठीकाठ : करार आम्ही नोंदवतोच, अडचण ती नाही. सदनिका दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर आहेत, म्हणून पुराचा उल्लेख केला नाही. पाणी तळमजल्यात शिरले होते. जिन्याजवळ त्याची रेघ अजून दिसते, ती रंगाखाली झाकावी असा विचार आहे. मीटर आणि पंप जिन्याखालीच आहेत.

खेडवाला : रेघ झाकू नका. वर राहणाऱ्याच्या घरात पाणी येत नसले, तरी मीटर आणि पंप बुडाले की पूर ओसरल्यावरही तो कित्येक दिवस अंधारात आणि पाण्यावाचून राहतो. जिना चढताना माणसे तेच पाहत असणार. वीज कंपनीकडे अर्ज करून मीटर रेघेच्या वर घ्या, पंपासाठी उंच ओटा बांधा आणि दुचाकी पुरात कुठे हलवायच्या, ते आधीच सांगा. भाडे उतरवण्यापेक्षा हा खर्च करा.

वाशिष्ठीकाठ : आताच टेप लावून पाहिले. रेघ सात फुटांवर आहे, मीटर चार फुटांवर. अर्ज सोमवारी देतो.